पैसे देऊन बसलेला माणूस

मी भित्री आहे हे माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी ते गाडी गेल्यावर कळलं. तोवर मुलुंडच्या शाळेत चौथीच्या वर्गावर ओरडणारी बाई अशीच माझी ख्याती होती. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई अनोळखी नंबरचा फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन उभी राहते, हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं.

गाडी गेली म्हणजे चोरीला गेली नाही. गणपती आटपून गावाहून परत येताना माणगावच्या अलीकडे एका कंटेनरने आम्हाला मागून ढकललं आणि पुढे उभ्या असलेल्या ट्रकखाली नेऊन घातलं. गाडी दोन्ही बाजूंनी चेपली. आत आम्ही पाच जण होतो: चालवायला नवरा, त्याच्या शेजारी दहिसरचे काका, मागे मी आणि घाटकोपरला राहणारं एक जोडपं. नवऱ्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं, बाकीचे चालत बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी सगळ्यांना हात लावून पाहत होते, आणि काका मला सांगत होते, "रडा नको गो, देवान राखल्यान."

हे काका आमचे सख्खे कुणी नव्हेत. नवऱ्याच्या गावच्या वाडीतले, त्याच्या वडिलांबरोबर गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लोकांच्या भिंती रंगवून त्यांनी पोरं वाढवली, आणि आता दहिसरला मुलाकडे राहतात. वाडीतल्या कुणाची गाडी गणपतीला गावी निघाली की ती रिकामी जात नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न झाल्यावर मला ती आवडली नव्हती, कारण माझ्या माहेरी गाडीत फक्त घरचे बसत. इथे महिनाभर आधीपासून फोन सुरू होतात, कोण कुठून चढणार ते ठरतं, आणि चढताना प्रत्येक जण चालवणाऱ्याच्या मुठीत पेट्रोलचे म्हणून काही पैसे कोंबतो. नको म्हणायचं नाही. नको म्हटलं तर समोरच्याला वाटतं, आपल्याला भिकारी समजले. माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी नको म्हटलं होतं, तेव्हा काका चार महिने त्याच्याशी बोलले नव्हते.

गाडी टोचन करून भांडुपच्या गॅरेजमध्ये आणली. गॅरेजवाल्याने एक फेरी मारली आणि म्हणाला, "टोटल लॉस आहे साहेब. दुरुस्तीला घातली तर गाडीच्या किमतीएवढाच खर्च." म्हणजे नियमाप्रमाणे विमा कंपनीने पॉलिसीवर लिहिलेली गाडीची पूर्ण किंमत द्यायची आणि लोखंड घेऊन जायचं. हे ऐकून मला बरंच वाटलं. कर्जाचा हप्ता चालूच होता, नसलेल्या गाडीचा. तो एकदाचा सुटला असता.

कंपनीचा सर्व्हेयर ज्या दिवशी गाडी बघायला आला, नेमके त्याच दिवशी काका दहिसरहून गॅरेजला आले. आजारी माणसाला भेटायला यावं तसे. पिशवीत नारळ. नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, सर्व्हेयर मोबाईलवर गाडीचं चित्रीकरण करतोय, आणि काका त्या चेपलेल्या बॉनेटसमोर उभे राहून खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालतायत. "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांका तू राखलंस..." दर ओळीनंतर "व्हय म्हाराजा" म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी आणि गॅरेजमधले दोघे मेकॅनिक म्हणालो. त्यातला एक बिहारचा होता. मला हसू आवरेना. अपघातानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला. सर्व्हेयरने खोबरं खाल्लं आणि सहज विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण यांचे? नातेवाईक?"

"नातेवाईक नाय. मी गाडयेत होतंय." काका ताठ उभे राहिले. "पण फुकट नाय हां बसलंय. पैशे देवन बसलंय. इचारा तेका."

सर्व्हेयरच्या हातातला मोबाईल चालूच होता. तो "अच्छा अच्छा" म्हणाला आणि अजून थोडं खोबरं मागून घेतलं. मला तेव्हा काहीच कळलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो तर काकांना रिक्षात बसवून, वर वडापाव खायला घालून आला.

कंपनीचा मेल आला तेव्हा पहिल्यांदा नवरा चिडला. गाडी दुरुस्त होऊ शकते, गॅरेजचा अंदाज अवास्तव आहे, असं म्हणून त्यांनी अर्ध्याहून थोडी जास्त रक्कम देऊ केली होती. आम्ही ती मान्य आहे अशी सही करून पाठवायची. नवरा औषधांच्या कंपनीत तपासणी खात्यात आहे. गोळीच्या वजनात केसाइतका फरक आला तरी तो माल परत पाठवतो. तो एका हाताने टाईप करत बसला. गॅरेजचा अंदाज, फोटो, नियम, सगळं लावून त्याने कळवलं की आम्हाला हे मान्य नाही.

दोन दिवसांनी माझ्या मोबाईलवर फोन आला. शाळेत सगळ्यांसमोर वाजला म्हणून मी घेतला. विमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसमधला माणूस होता. आवाज इतका गोड की मला वाटलं, चूक मान्य करायला फोन केलाय.

"मॅडम, मी तुमच्या भल्यासाठीच बोलतोय हां. जे मिळतंय ते घेऊन टाका."

"पण पूर्ण किंमत..."

"ते बरोबर आहे. पण काय आहे ना मॅडम, तुमचे एक पॅसेंजर व्हिडिओत बोललेत की ते पैसे देऊन बसले होते. प्रायव्हेट गाडी भाड्याने चालवली तर क्लेम झीरो होतो. आता आम्ही ते मनावर घेतलं नाहीये. तुम्ही वाद घातला तर फाईल इन्व्हेस्टिगेशनला जाईल. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

मी हो-हो करत फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये बसून राहिले. तास सुरू झाल्याची घंटा मला ऐकूच आली नाही, मुलंच बोलवायला आली.

त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं.

"सही कर आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"का? आपण काय चोरी केलीय?"

"पैसे घेतलेस ना तू?"

"ते भाडं आहे का? यार, तू पण त्यांच्यासारखीच बोलायला लागलीस."

"मी नाही म्हणत, ते म्हणतायत. तेलही जाईल, तूपही जाईल, आणि हातात धुपाटणं. वर फसवणूक केली म्हणून पोलिसात दिलं तर? तुझी नोकरी आहे, माझी शाळा आहे."

"ते घाबरवतायत, आणि तू घाबरतेयस. एवढंच चाललंय इथे."

हे अगदी खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला त्याचा जास्त राग आला. काकांचाही आला. कोणी विचारलं होतं? पैसे देऊन बसलो, पैसे देऊन बसलो! हात दाखवून अवलक्षण. मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले की आजही ते आठवून मान खाली जाते.

नवऱ्याने सही केली नाही. फाईल चौकशीला गेली.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसे ते दिवस होते. चौकशीचा माणूस आमच्याकडे न येता आधी आमच्या नाहूरच्या सोसायटीत आला. वॉचमनला विचारून गेला की ही गाडी रोज किती वाजता बाहेर पडायची, अनोळखी माणसं बसायची का. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारून गेला. काकूंनी मला शाळेत फोन केला, "अगं, तुमच्याकडे पोलीस आले होते का? काही झालंय का गं?" त्यांचा आवाज काळजीचा होता, पण संध्याकाळी जिन्यात दोन बायका माझ्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. दाराची बेल वाजली की मी आधी टीव्ही बंद करायचे. का, ते मलाही सांगता यायचं नाही. नळाला पाणी आलं आणि पाईप वाजला तरी दचकायचे. वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, तुम्ही आज ओरडला नाहीत?" तर मला रडूच आलं.

मग एका रविवारी मीच हट्ट धरला की दहिसरला जायचं आणि काकांना सांगायचं, पैसे दिले नाहीत असं म्हणा. व्हिडिओत गंमतीने बोललो म्हणा. नाहीतर नवऱ्याचे सख्खे काका आहोत म्हणा. नवरा यायला तयार नव्हता; मी एकटीच जाते म्हटल्यावर आला.

काकांनी आम्हाला बघून सुनेला चहा टाकायला सांगितला, सोलकढी करायला सांगितली, जेवूनच जा म्हणाले. मी पाठ करून आल्यासारखं सगळं सांगून टाकलं. फोन, चौकशी, वॉचमन, शून्य. ते पलंगावर बसून ऐकत होते. त्यांच्या बोटांच्या नखांत अजून रंग होता, पांढरा.

"ह्या माझ्यामुळे झाला?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.



"तसं नाही काका," मीच म्हटलं, "फक्त एवढंच म्हणायचं की पैसे दिले नाहीत."

"म्हंजे मी खोटा सांगू?"

"खोटं म्हणजे..."

"देवाच्या कामाक गेललंय गो. जाताना पैशे दिलंय, येताना दिलंय. आता नाय दिलंय म्हणू? माका जमाचा नाय." ते रागावले नव्हते. "माका काय म्हायत, पैशे देना गुन्हो आसा."

नवरा उठला, त्यांच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही काही खोटं बोलायचं नाही. चुकलं आमचं." माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. आम्ही जेवलो. सोलकढीची चव मला लागली नाही. येताना रिक्षात मी विचार करत होते की आता संपलं, हा माणूस खरं बोलणार आणि आमची वाट लागणार.

कंपनीने क्लेम नाकारला. एका ओळीत, शून्य. नवऱ्याने त्यांच्या तक्रार विभागाला लिहिलं, तिथूनही तेच उत्तर आलं, तेव्हा तो विमा लोकपालांकडे गेला. या सगळ्याला महिने गेले. हप्ते जात राहिले. गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीशी पडून होती. पावसात तिच्यात पाणी साचलं आणि गॅरेजवाला जागा मोकळी करा म्हणून मागे लागला. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, अजून वेळ गेलेली नाही, त्या पहिल्या रकमेवर येतात का विचारून बघ. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "बघू."

सुनावणीला काकांना बोलावलं नव्हतं. आम्ही लिफ्टपाशी पोचलो तर ते आधीच येऊन उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात मुलाचे बूट, मोठे झालेले. नवऱ्यानेच फोनवर तारीख सांगितली होती म्हणे. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि देवाला म्हटलं, यांना आत घेऊ नकोस.

पण घेतलं. खोली लहान होती, टेबलापलीकडे एक वयस्क अधिकारी, अलीकडे आम्ही आणि कंपनीची एक मुलगी. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, नखं नीट कापलेली. तिने तो व्हिडिओ लावला. त्यातून गॅरेजचा खडखडाट आला आणि मग काकांचा आवाज: पैशे देवन बसलंय. नंतर कुणाच्या तरी खोबरं चावण्याचा आवाज.

अधिकाऱ्यांनी काकांकडे पाहिलं. "हे तुम्हीच ना? पैसे दिले होते?"

"व्हय. दिलंय."

माझे कान बंद झाले. खरंच, थोडा वेळ मला फक्त पंख्याचा आवाज येत होता. टेबलाखाली नवऱ्याने माझा हात धरला. त्याचा हात माझ्यापेक्षा गार होता. इतके महिने मला वाटत होतं की घाबरणारी मी एकटीच आहे.

"किती ठरले होते?" अधिकारी विचारत होते.

"ठरतले कशाक? तेणी कधी मागूक नाय. मी देतंय."

"आणि दिले नसते तर नेलं नसतं?"

काकांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्यांकडे. "नेल्यानच असता. माझी बायल आजारी पडली तेव्हा ह्याच गाडयेत घालून तेणी तिका गावासून हयसर आणल्यान. तेव्हा माझ्या खिशात दमडी नव्हती. तेव्हा भाडा घेतल्यान काय?" त्यांचा आवाज चढला. "साहेबांनु, पैशे मी माझ्यासाठी देतंय. गाडयेत माका माझ्या मनासारख्या बसाक मिळाक होया म्हणान देतंय. ता भाडा न्हय."

कंपनीच्या मुलीने मान खाली घालून काहीतरी लिहिलं. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं की गाडी इतर वेळी भाड्याने चालल्याचा काही पुरावा चौकशीत मिळाला का. ती म्हणाली, नाही. सोसायटीचा वॉचमन काय म्हणाला? ती म्हणाली, गाडी बहुतेक उभीच असायची असं म्हणाला. मग दुरुस्तीच्या अंदाजावर बोलणं झालं, आणि तिथे नवरा इतकं नेमकं बोलला की मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मी फक्त दाराकडे बघत होते, कधी बाहेर पडतो म्हणून.

निकाल पोस्टाने आला. गावच्या माणसांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेणं म्हणजे गाडी भाड्याने चालवणं नव्हे, गाडी टोटल लॉस आहे, कंपनीने पॉलिसीवरची पूर्ण किंमत द्यावी. नवऱ्याने मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग खुर्चीत बसून एखाद्या पोरासारखा रडला. मी आधी कागद उलटून मागच्या बाजूला काही लिहिलंय का ते पाहिलं. मग मीही रडले. पैसे जमा झाले, कर्ज फिटलं, आणि पुढच्या गणपतीच्या आधी आम्ही एक जुनी पण धडधाकट गाडी घेतली. सोसायटीत पेढे वाटले. काकूंनी दोन घेतले.

गणपतीला गावी जायचा काकांचा फोन आला तो नेहमीपेक्षा उशिरा. नवरा अंघोळीला गेला होता, मी घेतला.

"सुनबाय, गाडयेत जागा आसा काय?"

"आहे ना काका. तुमचीच आहे पुढची."

"बरा." मग म्हणाले, "आणि ह्या बघ, मी पैशे देऊचंय नाय हां. तुमी भिया नको."

मी म्हटलं, काका, तसं काही नाही, निकाल लागलाय, आता कोणी काही म्हणणार नाही. ते "बरा बरा" म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही पहाटे निघालो. पूर्वी या माणसाने गाडीत बसल्यावर नवऱ्याला सुखाने चालवू दिलेलं मला आठवत नाही. हळू घे रे, एसी बंद कर, अमक्या हॉटेलात चहा भिकार असतो, तमक्या ठिकाणी थांबव. त्या दिवशी ते गुडघ्यांवर पिशवी ठेवून बसले होते. एसीचा झोत त्यांच्या तोंडावर येत होता तरी त्यांनी तो वळवला नाही. नवऱ्याने विचारलं, काका, गाणी लावू? ते म्हणाले, "तुज्या मनाक येयत तसा." चहाला थांबलो तेव्हा भूक नाही म्हणाले, आणि आम्ही खात असताना गाडीशी उभे राहिले, आमची वाट बघत.

माणगाव मागे पडलं. मी मागच्या सीटवरून त्यांच्याकडे बघत होते. ते सारखे मांड्या आवळून सरकून बसत होते, खिडकीबाहेर बघत होते, पुन्हा सरकत होते. रस्त्याच्या कडेला थांबायच्या जागा एकामागून एक जात होत्या. नवरा आपला गाडी चालवत होता. काकांच्या कपाळावर घाम आला होता, एसी चालू असताना. ते तोंड उघडत नव्हते. फुकट बसलेल्या माणसाने गाडी थांबव कसं म्हणायचं?

ती भीती माझ्या ओळखीची होती. वर्षभर मी तिच्याबरोबर राहिले होते, आणि आता ती त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात जाऊन बसली होती, आमच्या पूर्ण रकमेच्या बदल्यात.

"थांबव रे," मी नवऱ्याला म्हटलं. "मला जायचंय."

मला जायचं नव्हतं. गाडी बाजूला लागायच्या आत काकांनी दार उघडलं होतं.